हुद्दारांचं पितळी पातेलं

नंदा हुद्दार नवऱ्याला थोडं थोडं विष घालते, असं २००६ साली अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या निम्म्या मराठी घरांत कुजबुजलं जात होतं. सुरुवात कुणी केली ते विचारू नका. आमच्यातल्या पद्मिनीचं नाव घेतात. मी फक्त "अगं बाई, खरंच?" एवढंच विचारलं, आणि तेही चार-पाच जणींनाच.

नवरा म्हणजे श्रीराम. नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, आणि डोक्यात कायम जुनं रोम. पिझ्झा आणायला बरोबर गेलं तरी सुटका नाही. "काकू, रोममध्ये भाड्याच्या खोल्यांत चूल नसायची. लोक नाक्यावरून गरम खाणं आणायचे. आपण गाडीतून ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी उभे राहतो, एवढाच फरक." एकाच कंपनीला बांधलेल्या व्हिसावर आलेल्या पोरांना म्हणायचा, "गुलामालाही मालक बदलता यायचा नाही रे. तुम्हाला डेंटल इन्शुरन्स तरी आहे." पोरं हसायची.

त्या जानेवारीत त्याने नंदाचं लग्नातलं पितळी पातेलं बाहेर काढलं. आतली कल्हई उडालेली. इथे कल्हईवाला कुठून आणणार? पठ्ठ्याने गराजमध्ये शेगडी पेटवली, कुठूनसा कल्हईला लागणारा नवसागर मिळवला आणि पातेलं आतून आरशासारखं चमकवलं. आम्ही सगळ्याजणी बघायला गेलो होतो. मी तर माझा पितळी गंजही कल्हईला देणार होते, पण आळस केला.

मग रोज त्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी. नंदाला चिंच सोसत नाही, ती साधं वरण खायची. "यातली आमटी जास्त गोड लागते," तो म्हणे. नंदाला वाटलं, आपलाच हात गुळाला सैल पडतोय.

मार्चमध्ये पाडव्याच्या, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला त्याने रोमन श्रीमंतांची गोष्ट रंगवली. ते द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे. शिसं उतरलं की रस आणखी गोड. "गोड लागतं म्हणून आणखी खायचे, आणि पोट धरून झोपायचे!" एवढं म्हणतो तोच हातातली वाटी निसटली. बोटं मिटतच नव्हती. आम्हाला वाटलं, अभिनय करतोय. टाळ्या वाजवल्या हो आम्ही.

पुढच्या दोन महिन्यांत तो मेणासारखा पांढरा पडला. पोटात कळा, चिडचिड, उजवा पंजा मनगटातून लोंबायचा. डॉक्टरांनी आतडी तपासली, काही सापडेना. आणि शेजारी नंदा, गुलाबासारखी टवटवीत! आमच्या जिभांना एवढं पुरे होतं. ती बिचारी आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून दोन्ही वेळा तीच आमटी भरवत होती.

एक दिवस ती माझ्या दारात.

"काकू, मी विष घालते म्हणता?"

"अगं, मी नाही गं, ती पद्मिनी..."

"कुणीही असो. तो माझ्या डोळ्यांदेखत जातोय आणि तुम्हाला चघळायला विषय मिळालाय."

तशीच श्रीरामला घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांपुढे उभी राहिली. "याच्या रक्तात विष आहे का बघा. जेवढी विषं असतील तेवढी शोधा. माझ्यावर संशय आहे लोकांचा."

चार दिवसांनी तिचा फोन. "काकू, विष सापडलं."

गंमत म्हणून बोललेलं खरं निघतं की काय!

डॉक्टरांनी एकच विचारलं होतं, तो काय खातो जे ती खात नाही? नंदाने घरी जाऊन पातेलं आणलं आणि त्याच्या दवाखान्यातल्या पलंगावर आपटलं.

"कल्हईला कथील कुठून आणलंस?"

"कथील कुठे मिळतं इथे? टेबलावर सर्किट जोडायच्या सोल्डरचं रीळ होतं. तेही तसंच चमकतं..." म्हणता म्हणता तोच थांबला.

श्रीराम वाचला. उजवा हात पुरता सुधारला नाही.

विष होतं. सोल्डरमधलं शिसं. ते श्रीरामने स्वतःच्या हाताने पातेल्याला लावलं होतं. नंदा त्यात आमटी करत होती.