धाकटीने निवडलेली स्कीट

बसच्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक तरुणपणापासून एकाच प्रकारची नेमबाजी करत आला होता. समोरून लांब उडत जाणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, म्हणजे ट्रॅप. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीने बंदूक हातात घेतली, तेव्हा त्याने बजावलं, "एकच काय ते धर. सगळीकडे हात मारशील तर धड काहीच येणार नाही."

"दादा, मी चपला घेतानासुद्धा अख्खं दुकान पालथं घालते. हे न बघताच घेऊ?"

ट्रॅपमध्ये हात बसू लागला तशी ती स्कीट या दुसऱ्या प्रकाराकडे गेली. तिथे तबकड्या दोन्ही बाजूंनी आडव्या येतात, आणि तिच्याकडून एकही फुटेना. दादा गालातल्या गालात हसला. मग ती जमिनीवरून सशासारख्या पळणाऱ्या तबकड्यांवर नेम धरायला शिकली. तबकडीवर नाही, तिच्या थोडं पुढे मारायचं, हे तिथे तिच्या हाताला कळलं. परत स्कीटला आली आणि तबकड्यांचा भुगा होऊ लागला.

"आता हीच धरते," ती म्हणाली.

क्लबच्या स्पर्धेत नवशिक्यांमध्ये ती पहिली आली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये दादाच्या तोंडाला खळ नव्हता. कोणीतरी विचारलं, "मी शिकायचं म्हटलं तर कशापासून करू?"

"आधी सगळं करून बघ, मग एक धर," तो छाती फुगवून म्हणाला. "आमच्या धाकटीची पद्धत आहे ती."