निळा पंप

माझ्या काळीपिवळीत पुढच्या सीटवर कुणी बसायचं ते मी ठरवतो. तंबाखू थुंकणारा नाय, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावणारा नाय, आन् "कचरूभाऊ, जरा दाबा की गाडी" म्हणणारा तर अजिबात नाय. स्टँड ते गंगापूर हा रस्ता मी इतकी वरसं हाणतोय, मला कुणी घाई शिकवू नये. पण शिवशंकर आला की पुढची सीट त्याची. ह्या माणसाला दुसरीकडं बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून.

वाळलेलं पोरगं. आता पोरगं कशाचं, तिशी उलटून गेली. घर मेंढरामागं फिरणारं. बाप मल्हारी गेला तशी मेंढरं विकली, चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या. आई सुगंधाबाई गंगापूरच्या अलीकडच्या फाट्यापासून आत, वस्तीवर एकटी राहते. तिला दमा. आन् हा एकुलता एक लेक शहरातल्या औषधांच्या कॉलेजात पीएच.डी. करतो. मुकुंदवाडीला खोली. खोलीतला जोडीदार लग्न करून गेला, दुसरा आला तो आठवड्यात पळाला. म्हणला, ह्याच्या सॅकला मटणाच्या दुकानाचा वास येतो.

खोटं नव्हतं ते. हा गडी सकाळी उठून सिल्लेखान्यात जायचा आन् खाटकाकडून ताज्या बोकडाची श्वासाची नळी घ्यायचा. थंडगार मिठाच्या पाण्याच्या थर्मासात ती टाकायची आन् पळत लॅब गाठायची.

"अरे बाबा," मी म्हणलं, "तुझ्या घराण्यानं जन्मभर बोकडं विकली, आन् तू शिकूनसवरून त्यांच्या नळ्या विकत घेतो. उलटाच धंदा की हा!"

"बोकड मेलं तरी नळी लगेच मरत नाही, कचरूमामा. ऊब दिली, बुडबुड्यांतून ऑक्सिजन दिला, की ती कितीतरी वेळ आखडते, सैल होते. आई दम्यासाठी तोंडात मारते त्या निळ्या पंपातलं औषध टाकलं की बघा, कशी ढिली पडते."

"पण औषधाला कसं कळतं, कुठं जायचं ते?"

झालं, गडी खुलला. म्हणला, पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, त्यांना आपण कान म्हणू. औषध कानाशी आलं की आत निरोप जातो, ह्याच्याकडनं त्याच्याकडं, त्याच्याकडनं पुढं, आन् शेवटी नळी मोकळी होते. पण तेच औषध सारखं सारखं आलं, तर पेशीतलंच दुसरं एक प्रथिन येऊन त्या कानाला चिकटतं आन् कान आत ओढून घेतं. मग बाहेरून किती बी बोंबला.

"माझ्या घरी तेच चालू हाय," मी म्हणलं. "बायको सकाळपासून ओरडती, मला काय बी ऐकू येत नाय."

मागची सगळी सीट हसली. शिवशंकर हसला नाय. "मामा, आईचं तसंच व्हायला लागलंय," म्हणला.

गोष्ट अशी होती. सुगंधाबाईला जो पंप तीन-चार महिने पुरायला पाहिजे, तो पंधरवड्यात संपायचा. दुसरा एक पंप दिलेला, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आत गेलेले कान परत बाहेर आणणारा. तो घेते म्हणायची. तरी निळा संपायचाच. शिवशंकरनं त्यातनं एकच अर्थ काढला: माय दिवसभर फवारे मारती, तिचे कान आत चाललेत, आन् एक दिवस खरा झटका येईल तेव्हा पंप हातात असून नसल्यासारखा. ते चिकटणारं प्रथिन सुटं कसं करायचं ह्याच्याच मागं तो लागला होता. "मला उशीर झाला तर?" असं मला विचारायचा. मी आपला गिअर बदलायचो.

सुरवातीला पंप संपल्याचा फोन आला की तो स्वतः धावत यायचा. दोन दिवस राहायचा, शेळ्या सोडायचा, मायच्या हातची भाकरी खायचा. पण तिच्या काळजीनंच लॅबचं काम वाढवलं, आन् येणं बंद झालं. स्टँडवर येऊन पंप माझ्या हातात द्यायचा, "मामा, तेवढा फाट्यावर द्या," म्हणायचा, आन् गेला.

फाट्यावर सुगंधाबाई पदर डोक्यावर ओढून उभी असायची. गाडी थांबली की तिची नजर माझ्या हाताकडं नाय, पुढच्या सीटकडं जायची.

"तो नाय आला?"

"काम हाय, मावशी."

"व्हय. काम असंल."

मला लई राग यायचा. कुणाचा ते मलाच कळायचं नाय, मग मागच्या पॅसेंजरवर खेकसायचो.

एकदा सकाळीच मावशीला नवा पंप देऊन पुढं गेलो आन् दुपारी परत येताना त्याच फाट्याजवळ गाडी तापली. कॅन घेऊन पाण्यासाठी वस्तीवर गेलो. बघतो तर मावशी शेळ्यांच्या दावणीपाशी बाजेवर बसलेली. पंप धरलेला वर आभाळाकडं, आन् दाबायलीय. फुस्स. हलवायचा, परत फुस्स. जवळची शेळी शिंकत होती.

"मावशी! येडी झाली का काय तू?"

दचकली. पंप पदराखाली घातला. मग माझ्याकडं बघून बारीक हसली, चोरी पकडल्यावर लेकरू हसतं तसं.

"संपवते रे. संपला म्हणलं की घाबरतो तो. घाबरला की यायचा आधी."

"आन् खरंच दम लागला तर?"

पोलक्यातनं दुसरा निळा पंप काढून दाखवला. "हा माझा. ह्याला हात लावत नाय मी. रोजचा बी घेते, त्यानं सांगितलंय तसा. मी काय मरायला बसले का? त्याला बघायला बसले."

कॅन हातातच राहिला माझ्या. पाणी घ्यायचंच विसरलो, परत मागं यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर शिवशंकरला गाठलं आन् सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, गडी आता रडतोय. तर ह्याचा चेहरा उजळला!

"म्हणजे ती घेतच नाही एवढा? म्हणजे तिचे कान शाबूत आहेत, मामा! केवढं ओझं उतरलं!" माझ्यासमोरच मायला फोन लावला. "आई, औषध असं वाया घालवू नको. तू बरी आहेस, एकदम बरी आहेस." मला चहा पाजला आन् थर्मास घेऊन निघाला. नळी खराब व्हायली म्हणला.

त्यानंतर पंप पोचवायचं कामच उरलं नाय. पोरगं निर्धास्त झालं, फोन बी कमी झाले असतील. मधे दिवाळी गेली. कधी स्टँडवर दिसला तर लांबूनच हात करायचा. सांगायला काळजीच नव्हती, तर तो पुढच्या सीटवर बसून बोलणार काय?

मग एके दिवशी सकाळी मावशी फाट्यावर उभी दिसली. मी गाडी थांबवली. तिनं पदरातनं निळा पंप काढून माझ्या हातात दिला, दोन शब्द बोलली, आन् मागं न बघता वस्तीकडं चालू लागली.

मी शहरात पोचलो तसा स्टँडवरचा माझ्या फेरीचा नंबर दुसऱ्याला दिला आन् सरळ कॉलेजात गेलो. वॉचमननं अडवलं, त्याला बी चार शब्द सुनावले. लॅबमधे शिवशंकर एकटाच. समोर काचेच्या नळकांड्यात बोकडाच्या नळीचा तुकडा दोऱ्याला टांगलेला, खालून बुडबुडे, आन् बाजूच्या पडद्यावर एक रेघ हळूहळू खाली चाललेली. अख्ख्या खोलीत तेवढंच काय ते हलत होतं.

"मामा, तुम्ही? आई बरी आहे ना?"

मी पंप टेबलावर ठेवला. त्यानं उचलून हलवून बघितला. "भरलेला आहे की. छान."

"छान कसलं रे? भरलेला हाय म्हणूनच पाठवलाय. तुझी माय काय म्हणली ऐक. म्हणली, कचरू, आता ह्यो काय लवकर संपत नाय. शिवाला इचार, आता काय संपलं म्हणून सांगू?"

तो पंपाकडं बघत राहिला. पडद्यावरची रेघ तळाला जाऊन थांबली, त्यानं ती बघितली बी नाय. मग अंगावरचा पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला. नळी काचेत तशीच टांगलेली ठेवून आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर माझ्या पुढच्या सीटवर कुणी कारखान्याचा क्लार्क बसला होता, त्याला मागं धाडला. वाळूज मागं पडलं. शिवशंकर पंप मुठीत धरून रस्त्याकडं बघत होता. डोळे भरून आलेले, पण मी बघितलं नाय असं केलं.

"मामा," शेवटी म्हणला, "जरा दाबा की गाडी."

मी दाबली.