आरशातला माळ

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला हसण्याचा रोग होता. सुनेला तो शोभत नाही, हे रोज ऐकून घ्यायची आणि त्याचंही हसू यायचं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या लिलावातून त्यांनी एक काचेची चौकट आणली. हवी होती नुसती चौकट, खंडोबाच्या तसबिरीसाठी. आत मात्र एक चित्र निघालं, काळ्या बारीक रेघांचं. उघडा माळ, एक वाकडी बाभूळ, डावीकडे टेकडी आणि तिच्याकडे गेलेली पायवाट. रंग नाही, देव नाही, माणूस नाही. रविवार देवाचा वार, त्याआधी तो कागद काढून टाकायचा असं ठरलं आणि तोवर चौकट भिंतीला टांगली.

दुसऱ्या दिवशी मी वेणी घालायला बसले. फणेरपेटीच्या आरशात मागची भिंत दिसली आणि माझा हात थांबला. आरशात टेकडी उजवीकडे गेली होती. सांगोल्याकडच्या माझ्या माहेरी अगदी अशीच टेकडी, उजवीकडेच, आणि खाली मेंढरांच्या वाड्याजवळची आमची बाभूळ. असली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापतात आणि पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, हे फार वर्षांनी एका ड्रॉइंग मास्तरांनी मला सांगितलं. त्या दिवशी मला कारण नकोच होतं. अर्धी वेणी तशीच सोडून, आरसा तोंडापुढे धरून मी घरभर उलटी चालत सुटले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मग आठवलं, रविवार परवावर आलाय. मामंजींपुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. सासूबाईंना सांगितलं, आधी हसत, मग रडत. "आत्याबाई, तेवढं ठिवा की. माजं गाव हाय त्यात."

त्यांनी आरशातून बघितलं आणि आरसा परत दिला. "येणी घाल आदी," म्हणाल्या. सुनेच्या माहेरासाठी देव ताटकळणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

शनिवारी मामंजी चौकट उतरवायला लागले, तशा त्या आडव्या आल्या. "हात लावू नका. माज्या म्हायेरचा माळ हाय त्यो. देवाला दुसरी चौकट आणा."

मामंजींनी चित्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, चौकट सरळ केली आणि पान खायला निघून गेले. चित्र वाचलं, पण माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. माझं गाव या बाईनं दिवसाढवळ्या आपलं करून टाकलं होतं! आठ दिवस मी त्यांच्याशी मोजकंच बोलले.

मार्गशीर्षात त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. अक्कलकोटच्या पुढे त्यांचं माहेर. बैलगाडी शिवारात शिरली तशी मी टेकडी शोधायला लागले. काळी जमीन, जिकडे बघावं तिकडे जोंधळा आणि सगळं परातीसारखं सपाट. टेकडी सोडा, साधा उंचवटा नाही. मामंजी पुढे गाडीवानाशेजारी बसले होते. ते तर तीस वर्षांपासून या गावचे जावई. म्हणजे त्या शनिवारी त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

मला जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता माझा दंड घट्ट धरला.

"नीट बस," म्हणाल्या, "पडशील."