शेपटीतले वेगवान कण

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आमच्या विभागात एकच विषय होता. परदेशात कोणी म्हणे पाण्याच्या भांड्यात बुडवलेल्या धातूच्या तुकड्यात, खोलीच्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवली होती; एरवी त्याला सूर्याच्या गाभ्यातली उष्णता लागते. माझे मार्गदर्शक सावनेरकडच्या शेतकरी घरातले, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. त्यांनी गणिताने हे शक्य आहे असं दाखवायचं ठरवलं.

त्यांचा मुद्दा बरोबर होता. सगळे कण सरासरी वेगाने पळतात असं धरलं तर जुळण्याचा दर जवळजवळ शून्य येतो. पण वेग सारखे नसतात. वेगांच्या आलेखाच्या उजव्या शेपटीत अतिशय वेगवान असे मोजके कण असतात, आणि सगळा दर त्यांच्यावरच ठरतो. सरांचं उत्तर बातम्यांशी जुळलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले आणि आकडे तपासायला माझ्याकडे दिले.

सरांनी शेपटी जाड धरली होती, म्हणजे वेगवान कण नेहमीपेक्षा जास्त. का, ते कुठेच लिहिलं नव्हतं. मी वेगांचं नेहमीचं वितरण घालून गणित पुन्हा मांडलं. धातूच्या त्या तुकड्यात माझ्या जन्मभरात एकही जोडी जुळली नसती. तीनदा केलं, तेच आलं.

मी चार दिवस गप्प राहिले. त्यांचा आनंद मोडवेना, हे खरं. माझ्या प्रबंधावर त्यांची सही बाकी होती, हेही तितकंच खरं.

पाचव्या दिवशी दुपारी धरमपेठेत त्यांच्या घरी गेले. कूलरसमोर बसून त्यांनी माझे कागद शेवटपर्यंत वाचले. एरवी वर्गात शुद्ध बोलणारा माणूस घरच्या बोलीत म्हणाला, "तुले हे कधी समजलं?"

"चार दिवस झाले, सर."

"मंग थांबली काहून वं? म्या काल लेख पोस्टात टाकला."

परत मागवायचं पत्र त्यांनी लिहिलं नाही. पावसाळ्यात लेख परत आला. शेपटी कशाच्या आधारावर घेतली, एवढंच नियतकालिकाच्या परीक्षकाने विचारलं होतं. सरांनी ते पत्र विभागात मोठ्याने वाचून दाखवलं आणि चूक आपली म्हणून सांगितली. माझं नाव घेतलं नाही. प्रबंधावर सही केली. माझ्याशी मात्र पुन्हा कामापलीकडे बोलले नाहीत.

दिवाळीनंतर झटका येऊन ते गेले. तेराव्याला त्यांच्या पत्नीने मला आत बोलावलं. विचारलं, "खरं सांग, त्यायचं गणित चुकलंच होतं का वं?"

या वेळी मी लगेच हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यामागे दार लोटून घेतलं. मी बाहेर पंगतीत जाऊन बसले.