साधी गाठ

हाडांच्या डॉक्टरकडे प्लॅस्टरपेक्षा किस्सेच जास्त साठतात. राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात तर त्यातले निम्मे कूर्चेच्या गाठींचे! कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकाचा मऊ, चिवट भाग. कधीकधी तिची गाठ होते, बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण 'गाठ' म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

*

कागल एमआयडीसीतला एक फोरमन बोट मोडून आला. एक्स-रेत दिसलं, बोटाच्या हाडात अशीच एक गाठ, तिच्यामुळे हाड आतून पातळ झालेलं. "मोडलं कसं?" मी विचारलं.

इकडेतिकडे बघत म्हणाला, "लोणच्याची बरणी उघडताना, डॉक्टर. पण कंपनीत गाडीवरनं पडलो म्हणून सांगणार हाय!"

*

एका आजोबांच्या गुडघ्याजवळ जुनी गाठ निघाली. "लग्नाच्या आधीपासनं हाय," ते हळूच म्हणाले. "हिला कधी सांगितलं न्हाय. उगं काळजी करंल."

शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "मला पहिल्यापासनं ठावं हाय. म्हटलं, उगं तुम्ही काळजी करशीला!"

*

गडहिंग्लजच्या एका पाव्हण्यांना मी म्हणालो, "मुलाला गाठ आहे, पण साधी आहे." 'पण' येईपर्यंत ते मटकन खाली बसलेले! पाणी पिऊन झाल्यावर मलाच झापलं, "डॉक्टर, आधी साधी म्हणायचं, मग गाठ म्हणायचं!" तेव्हापासून मी तसंच म्हणतो.

*

एकीच्या वेळी मात्र तसं म्हणता आलं नाही. नववीतली मुलगी. गुडघ्याजवळची गाठ दुखत होती, वाढतही होती. काढून तपासणीला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मीसुद्धा धास्तावलो होतो.

ड्रेसिंगला आली तेव्हा आई औषधं आणायला बाहेर गेली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "डॉक्टर, माझं काय खरं न्हाय. आई आता वरडतच न्हाय. मागंल त्ये देतीया."

रिपोर्ट आला. दोघींना समोर बसवून म्हणालो, "साधीच आहे. काळजीचं काही कारण नाही." मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आईने पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे वळली.

"मग त्यो मोबाईल ठेव की खाली! किती दिस झालं पुस्तकाला हात न्हाय! आज्जीला उलटं बोलतीस! ऊठ!"

बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. मुलगी रडत-हसत माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, खरंच साधी हाय व्हय!"