वास एकटीलाच येत होता

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत टाइमकीपर होतो. हजेरी घ्यायची, सुट्ट्या मांडायच्या, एवढंच काम. बाजार बंद असला तरी खरिपाचं बियाणं वेळेत जायला हवं, म्हणून आमचं गेट चालू होतं. हजेरीच्या जोडीला माझ्याकडे ताप बघायचं पिस्तूलही आलं.

सकाळी मी कुंडलिकेचा पूल ओलांडून यायचो तेव्हा रस्त्यावर फारसं कोणी नसायचं. राजूरकडच्या रस्त्यानं दोन ऑटो यायच्या. त्यातून निवडणीच्या बाया उतरायच्या, नऊ जणी. पायानं दाबायच्या स्टँडवरून सॅनिटायझर घ्यायच्या, नळावर साबणानं हात धुवायच्या आणि माझ्यासमोर येऊन, डोळे मिटून कपाळ पुढं करायच्या. डोळे का मिटायच्या कोण जाणे. मी पिस्तूल धरायचो, ते टिक करायचं, मी आकडा वहीत लिहायचो. सत्त्याण्णव पॉइंट चार. सत्त्याण्णव पॉइंट दोन. उन्हातून आलेल्या एखादीचा आकडा वर गेला की मी तिला लिंबाखाली दहा मिनिटं बसवायचो. मग तिचाही बरोबर यायचा. कोणी घरून तापाची गोळी खाऊन येत असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज बुडू नये म्हणून माणूस काय काय करतो. पण पिस्तूल सांगेल ते खरं, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं.

निवडणीची खोली आतल्या बाजूला होती. बियाणाला ओल लागू नये म्हणून तिच्या खिडक्या बंद, दार बंद, वर एसी. मधे लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बाया, फुटके दाणे वेचत. मास्क होते. दोन तास झाले की ते हनुवटीवर यायचे.

त्या नऊ जणींत एक होती, चाळिशीची, घरी मेंढरं असलेली, कमी बोलणारी. एका सकाळी कपाळ पुढं करायच्या आधी ती हळूच म्हणाली, "साहेब, आत मढ्याचा वास येऊन राह्यला."

"कसला?"

"मढ्याचा. काल दुपारपासून. मी बायांना म्हणलं, त्या म्हणतात आम्हाला तर काहीच येत न्हाई."

मागे उभी असलेली सगळ्यांत वयस्क बाई हसली. "तिला एकटीलाच येतो, साहेब. घाबरलीय ती. रोज कोणी ना कोणी गेल्याचं ऐकून ऐकून असं होतं."

मलाही तेच पटलं. मी पिस्तूल धरलं. सत्त्याण्णव पॉइंट सहा. "सगळं बराबर आहे," म्हटलं, आणि तिला आत पाठवलं. ती दोन पावलं जाऊन थांबली, माझ्याकडे वळून बघितलं, आणि गेली. त्या बघण्यात तक्रार नव्हती. मी खरं सांगतोय का, एवढंच ती बघत होती, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नुसतंच कपाळ पुढं केलं. तिच्या हातांना भेगा पडलेल्या दिसल्या. मी विचारलं नाही.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका सहीसाठी मी आत गेलो. निवडणीच्या खोलीचं दार ढकललं आणि दोन मास्कांतूनही तो वास असा अंगावर आला की मी चौकटीलाच धरून उभा राहिलो. कुजलेल्या मांसाचा वास. गोडसर, जड, घशात बसणारा.

आणि त्या वासात आठ बाया पोत्यांना टेकून निवांत जेवत होत्या.

"या साहेब, जेवायला," वयस्क बाई म्हणाली.

"तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?" एकीनं नाक वर करून दीर्घ श्वास घेतला. "न्हाई बा."

मी त्यांच्या मागची पोती ओढली. दुसऱ्या थराखाली घूस मरून पडली होती, फुगलेली, दोन-तीन दिवसांची. त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर. कोणी किंचाळलं नाही. वयस्क बाई उठली. तिनं कागदात धरून ती घूस उचलली आणि नाकाजवळ नेली. मी "अहो!" म्हणेपर्यंत तिनं हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काहीच न्हाई," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

घूस खाली ठेवून ती हात धुऊन आली. तोवर एकीनं आपला लसणाच्या चटणीचा डबा शेजारणीपुढं धरला होता. तो हातोहात फिरला. प्रत्येकीनं वास घेतला आणि नकारार्थी मान हलवून पुढं दिला.

नववी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उन्हात बसली होती, पदर नाकाला लावून. मी तिला सांगितलं, घूस सापडली. तिनं पदर नाकावरून खाली घेतला. मग म्हणाली, "खरंच व्हती? मला वाटलं वास माझ्याच अंगाला येऊन राह्यला. परवापासून तीन-तीनदा न्हाले. साबणानं घासून घासून हात फाटले. वाटलं आपल्यातच काहीतरी मेलंय, अन् बाकीच्या लाजेकाजे बोलत न्हाईत."

मी फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत तपासणीची गाडी आली. आठ जणींपैकी बहुतेक पॉझिटिव्ह निघाल्या, नववी निगेटिव्ह. मी वही उघडून बसलो. पंधरा दिवसांचे आकडे, माझ्याच अक्षरात, एकही अठ्ठ्याण्णवच्या पुढं नाही. हातही सगळ्यांनी रोज धुतले होते. एकमेकींनी सोडलेला श्वास मात्र त्या बंद खोलीत फिरत राहिला होता, आणि त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

त्यांतली एक परत आली नाही. माहेरची अंबडकडची, सगळ्यांत लहान. तिचा शेवटचा आकडाही वहीत सत्त्याण्णवचाच होता. वयस्क बाई सिव्हिलमध्ये ऑक्सिजनवर राहून महिन्यानं घरी आली.

कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी शेठना जाऊन सांगितलं, खिडक्या उघडा, नाहीतर टेबल बाहेर शेडमध्ये टाका. आधी ते बियाणाचंच बोलले. मग म्हणाले, "ठीक आहे, टाका बाहेर." दोन पाळ्या झाल्या. पिस्तूल वरचा हुकूम म्हणून राहिलं, पण मी मुठीत ओवा चुरडून ठेवायला लागलो. आलेली प्रत्येक बाई लांबूनच हुंगायची आणि काय आहे ते सांगायची. पुढं त्यातून दोघी वेळेत सापडल्या. सगळ्याच सापडल्या असं मी म्हणणार नाही.

मेंढरंवालीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या साहेब, मलाच खरं वाटत नव्हतं, मंग तुम्हाला कसं वाटंल?"

वयस्क बाईचं नाक अजून धड नाही. मधेच दाणे निवडता निवडता तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, काहीतरी जळून राह्यलं. बाकीच्या म्हणतात, काही जळत नाही, मावशी. मी उठतो, गोदामाला पूर्ण फेरी मारतो, मीटरपेटी उघडून बघतो. अजून तरी काही सापडलेलं नाही.