माझ्या पाळीची तारीख भावाला विचारली

डॉक्टरबाईंनी माझ्या पाळीची तारीख दादाला विचारली. मी त्यांच्या समोर स्टुलावर बसले होते. दादा टेबलाच्या कडेला उभा होता.

मला ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना तापात कान गेले, मग हळूहळू बोलणंही सुटलं. ओठ बघून कळतं, पण सगळं नाही. दादाशी बोलायला बाईंनी मास्क खाली केला, म्हणून तेवढं कळलं.

"दोन म्हयने झाले मॅडम. आलीच न्हाई," दादा म्हणाला.

दादा खोटं बोलला नाही. हे मला लिहायलाच पाहिजे. आमच्या हदगावकडच्या घरात पाळी आली की बाई ओसरीत वेगळी बसते. ताट वेगळं, गोधडी वेगळी. घरातल्या पुरुषांना पाळी कळते ती एवढ्यावरूनच. दिवाळीची सुट्टी संपून दोन महिने झाले, मी नांदेडला हॉस्टेलवर. दादाने मला ओसरीत बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणजे मला पाळी आली नव्हती.

खरं तर मला नऊ-नऊ दिवस रक्त जात होतं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आईला मी लिहून कळवलं होतं. पण आईने दादाला एवढंच सांगून पाठवलं की पोरीचं पोट दुखतंय. रक्ताचं ती मुलाला कसं सांगणार? आणि घरात माझं तोंड म्हणजे दादा. शाळेत, बँकेत, बसमध्ये. कुणी काही विचारलं की उत्तर दादाच देतो. मीही कधी नको म्हणाले नव्हते. सोपं जायचं.

लग्न झालंय का, बाईंनी विचारलं. दादाने मान हलवली. मग बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पोटाकडे.

"मुकी पोरगी हॉस्टेलला ठेवता. लक्ष कोण ठेवतं?"

सिस्टरने माझ्या हातात लघवीची बाटली दिली. मला समजावं म्हणून तिने दोन्ही हातांनी स्वतःपुढे मोठं पोट करून दाखवलं. आणि हसली. दारात रांगेतल्या बायका होत्या. त्याही हसल्या.

दादाने माझं मनगट धरलं. "कोण हाय त्यो?" पुढचे शब्दही मी त्याच्या ओठांवर वाचले. "कॉलेज बंद. आजच चल घरी."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते सगळं त्या एका बाटलीत जाणार होतं. मला भांडता येत नाही. पण मी बाटली टेबलावर ठेवली आणि बाईंच्या पुढ्यातला केसपेपर ओढून घेतला.

लिहिलं, "मला ऐकू येत नाही. वाचता येतं. पाळी परवापासून चालू आहे. आत्ताही आहे. दर महिन्याला नऊ दिवस. मला विचारा."

बाईंनी वाचलं. आणि दादाला विचारलं, "हिला लिहिता येतं होय?"

तेव्हा मात्र माझ्या आतलं काहीतरी कायमचं तुटलं. मी खाली आणखी एक ओळ लिहिली. "भावाला बाहेर पाठवा." सोबत नातेवाईक लागतो, असं सिस्टर हाताने सांगत राहिली. मी स्टुलावरून उठले नाही. रांगेतल्या बायका खुणा करू लागल्या, ऊठ म्हणून. नाही उठले. शेवटी दादाच मान खाली घालून गेला.

मग बाईंनी पेन घेतलं. किती दिवस, गाठी पडतात का, चक्कर येते का. मी लिहिलं. दहा मिनिटं लागली. एवढंच काम होतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, सोनोग्राफी सांगितली. चुकलं, असं त्या कागदावर कुणी लिहिलं नाही.

दादाने घरी सांगितलं, पोरीनं चारचौघांत इज्जत घालवली. दोन महिने झाले, घरी गेले तरी बाबा माझ्याकडे बघत नाहीत. न बघोत. मी हॉस्टेलवरच आहे, परीक्षेचा फॉर्म भरला आहे.

हॉस्टेलवर पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, धर्माबादची. तिलाही ऐकू येत नाही. खालच्या अंगाला खाज आहे, जळजळ आहे, दीड महिना झाला. सोमवारी तिचा मामा तिला दवाखान्यात नेणार आहे. उत्तरं तोच देणार, असं घरी ठरलंय.

सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे. बाई तिला विचारतील, ती लिहील. मामा दाराबाहेर उभा राहील. नाही राहिला, तर मी दारात उभी राहीन.